फ्लायची डबी भरून देणाऱ्या सांगलीच्या काकांना

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

डबीभर फ्लाय, म्हणजे गळावर पिसं-केस बांधून केलेली खोटी आमिषं, दिल्याबद्दल फोनवर आभार मानले असते तर "ते राहू दे, मासा केवढा होता सांग" म्हणून तुम्ही विषय उडवून लावला असता. म्हणून हे जाहीर पत्र. आमच्या साताऱ्यातही दोन-चार पोरांना फ्लाय रॉडचं वेड लागलंय, त्यांच्याही उपयोगी पडेल.

लेकीकडे अमेरिकेत हॅरिसबर्गला निघालोय, तिथं बास मासा धरायचाय, एवढंच मी म्हणालो होतो. दुसरा कुणी असता तर त्यानं फ्लायचे रंग सांगितले असते. तुम्ही विचारलंत, "पाणी किती खोल? तळाला दगड का चिखल? आणि तो खातो काय?" सस्क्वेहाना नदी तिथं ऐसपैस, उथळ आणि खडकाळ आहे. स्मॉलमाउथ जातीचा बास दगडांच्या आडोशाला बसतो, बारके मासे आणि क्रेफिश (गोड्या पाण्यातला झिंग्यासारखा जीव) खातो. त्यावरून तुम्ही डबी भरलीत.

क्लाउझर मिनो या फ्लायची गंमत तुम्ही बादलीत दाखवलीत ती डोक्यातून जात नाही. शिशाचे डोळे गळाच्या दांडीवर वरच्या बाजूला बांधलेले, त्यामुळे पाण्यात फ्लाय उलटते आणि गळाचं टोक आभाळाकडे राहतं. दगडांत अडकायचं प्रमाण एकदम कमी. बॉब क्लाउझर यांनी १९८० च्या दशकात ही फ्लाय याच नदीतल्या बाससाठी बांधली, हे तिथं उभं राहून आठवलं तेव्हा तुमच्या निवडीला मनोमन सलाम केला. नितळ पाण्यात पोपटी-पांढरी चालली. पावसानं पाणी गढूळलं की काळी वुली बगर ही दुसरी फ्लाय, तळालगत, हळू.

संध्याकाळी मात्र पॉपर, म्हणजे पाण्यावर तरंगणारी फ्लाय! एक झटका द्यायचा, 'पॉक' आवाज झाला की हात आवरायचा, वलयं विरेपर्यंत थांबायचं. हे थांबणंच अवघड, काका. बहुतेक वेळा बासनं त्या थांबण्यातच तोंड घातलं. आणि मोठा पॉपर हवेला अडतो, फ्लाय फेकते ती दोरीच्या वजनानं, म्हणून तुम्ही जड दोरीसाठीच्या आठ नंबरच्या रॉडचा हट्ट धरलात तेही पटलं. पाच नंबरच्या रॉडनं तो पॉपर माझ्याच टोपीत रुतला असता.

हरणाच्या केसांचा बेडूक तिथं वापरलाच नाही. तो शेवाळातल्या लार्जमाउथ जातीच्या बाससाठी. गळापुढं नायलॉनचं कडं आहे, त्यामुळे वेलीत अडकत नाही. बास आपल्या कृष्णेत नाही, पण मरळ आहे. तोही झाडोऱ्यात दडतो, बेडकावर तुटून पडतो. तो बेडूक मी मरळासाठीच राखून ठेवलाय. पावसाळ्यात नाही हं; नर-मादी लालसर पिल्लांचा थवा राखत असतात, तेव्हा गळ टाकू नये ही तुमचीच ताकीद.

डबीतल्या पोपटी-पांढऱ्या संपल्यात. गळ आणि शिशाचे डोळे तिकडून आणलेत, बांधून तुम्हीच द्यायच्या. दिवाळीनंतर सांगलीला येतो.

आपला,
साताऱ्याचा पुतण्या