टांकसाळीत घडलं की बाहेर बिघडलं?

प्रिय अनंता,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या सहाही नाण्यांचे फोटो नीट मोठे करून पाहिले. निकाल आधीच सांगून टाकतो: त्यात खरं एरर कॉइन, म्हणजे टांकसाळीतच चुकून वेगळं घडलेलं नाणं, एकच आहे, आणि ज्याला तू सगळ्यात जास्त पैसे मोजलेस ते तर नाहीच नाही.

त्या महागड्या दोन रुपयांपासूनच सुरू करू. विकणाऱ्यानं त्याला ‘ब्रोकेज’ म्हटलंय. ब्रोकेज होतं कसं, ते बघ. ठसा पडल्यावर एखादं नाणं खाली न पडता वरच्या किंवा खालच्या ठशालाच, म्हणजे चित्र उमटवणाऱ्या साच्यालाच, चिकटून राहतं. तेवढ्यात पुढची कोरी चकती आत येते. मग एका बाजूनं तिच्यावर नेहमीचा ठसा पडतो आणि दुसऱ्या बाजूला ते चिकटलेलं नाणंच ठशाचं काम करतं, म्हणून तिथे उलटं, रुतलेलं चित्र उमटतं. आता यातली मेख अशी, की सिंहमुद्रेच्या ठशाला चिकटलेल्या नाण्याची सिंहांची बाजू ठशाकडे लपलेली असते, उघडी असते ती आकड्याची. म्हणजे नव्या चकतीच्या एका अंगाला उठावदार 2 आणि दुसऱ्या अंगाला रुतलेला उलटा 2. चित्र दोन्हीकडे एकच. तुझ्या नाण्यावर मागे 2 आहे, आणि पुढे मात्र सिंहांच्याच बाजूला उलटे सिंह रुतलेत. मूळच्या ‘भारत’चा उठावही तिथे अर्धामुर्धा शिल्लक आहे. शिवाय मागचा 2 चेपलाय. दोन नाणी सिंहाला सिंह लावून व्हाइसमध्ये आवळली, की नेमकं असंच होतं. पैसे परत माग, लाजू नकोस.

पाच रुपयांच्या जाड नाण्याची कड चंद्रकोरीसारखी कापलेली आहे. असं टांकसाळीत होतं खरं. पत्र्यातून चकत्या पाडताना पत्रा पुरेसा पुढे सरकला नाही, तर पंच आधीच्या भोकावर थोडा चढतो. पण मग कड उठवायच्या यंत्रात त्या चकतीला कापाच्या जागी दाब मिळत नाही, आणि त्यामुळे बरोबर समोरच्या बाजूलाही कड नीट उठत नाही. तुझ्या नाण्याची समोरची कड ठणठणीत आहे. शिवाय कापापाशी अक्षरं ओढल्यासारखी, पुसट होत जायला हवीत. इथे ती सुरीनं कापावीत तशी तुटली आहेत. भिंग असेल तर कापावर कानशीचे ओरखडे शोध. वजनाच्या भरवशावर मात्र राहू नकोस. ते नाणं मूळचं 9 ग्रॅमचं, पण घासलेलंही कमी भरणार आणि खरंही कमीच भरणार.

दहा रुपयांची नुसती रिंग आहे, तिच्यात काही दम नाही. मधली चकती आणि रिंग ठशाच्या एकाच दाबात एकमेकांत बसतात. मधली चकती नसतानाच ठसा पडला, तर रिंगचा धातू भोकाच्या दिशेनं आत सरकतो आणि आतली कड गोलसर होते. तुझ्या रिंगची आतली कड एका बाजूला बाहेर फुगली आहे, म्हणजे कुणीतरी ठोकून मधलं काढलंय.

राणीछाप रुपयावर वर, घड्याळात बारा असतात त्या जागी, जो फुगवटा आहे, त्याला ‘ठसा तुटल्याचा एरर’ म्हणणाऱ्याचं कौतुक वाटलं! अरे, ती डाग दिलेली कडी काढल्याची खूण आहे. आपल्याकडे असे रुपये किती बायकांच्या गळ्यात होते! चांदी म्हणून त्याची किंमत आहेच, ठेव. (शिवराई घ्यायचं तुझ्या मनात आहे म्हणून सांगतो: हातानं ठोकलेल्या त्या नाण्यांवर ‘श्री राजा शिव’ अर्धवट असणं हाच रिवाज, तो एरर नव्हे.)

एक रुपयाच्या पहिल्या नाण्यावर ‘टांकसाळीची खूणच नाही’ म्हणून जास्तीचे पैसे घेतले? मुंबईची पत्त्यांतल्या चौकटसारखी खूण, हैदराबादचा तारा, नोएडाचा ठिपका आणि कोलकात्याचं काहीच नाही. ते कोलकात्याचं आहे, इतकंच. एका नाण्याचे लाखो रुपये देतो म्हणणाऱ्यांच्याही नादी लागू नकोस. रिझर्व्ह बँकेनं 2021 च्या ऑगस्टमध्ये लोकांना याबद्दल सावध केलं होतं, काही भामटे बँकेच्या नावावर कमिशन मागत होते म्हणे.

उरला दुसरा एक रुपया. तो विकणाऱ्यानं बहुतेक भर म्हणून टाकला असावा. सिंहमुद्रा सरळ धरून आपलं नाणं पुस्तकाच्या पानासारखं उलटलं, की मागचा आकडा सरळच दिसायला हवा. तुझा चांगलाच आडवा आलाय. ठसा यंत्रात फिरून बसल्याशिवाय हे होत नाही, आणि बाहेर कुणाला हे हातानं करता येत नाही. पाच-दहा अंश फिरलेली नाणी पैशाला पासरी मिळतात, पण हे नव्वदच्या आसपास दिसतंय. फोटोत दोन्ही बाजू वेगवेगळ्या काढल्यास, म्हणून नेमका कोन कळत नाही. कडेवर पेन्सिलीनं बारीक खूण कर, खूण वर धरून दोन्ही बाजूंचे फोटो काढ आणि पाठव. आणि चिंच-मिठानं घासून चकचकीत करायचा मोह आवर.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
विनू