फवारणीच्या ड्रोनच्या बॅटऱ्या एका हंगामात का फुगतात?

संपादक महोदय,
स. न.

निपाणी, चिकोडी, हुक्केरीपासून खानापूरपर्यंत उसावर ड्रोनने फवारणी करणे आता नवलाईचे राहिलेले नाही. ऊस डोक्यावर गेला की पाठीवर पंप घेऊन आत शिरायला माणूस मिळत नाही आणि दहा लिटरच्या टाकीत सात-आठ मिनिटांत एकर उरकतो. ज्या बचत गटांनी, सोसायट्यांनी आणि तरुणांनी ड्रोन घेतले, त्यांची तक्रार मात्र एकच ऐकू येते: पहिल्याच वर्षी बॅटरी फुगली, कंपनीने माल हलका दिला. माल हलका असूही शकतो. पण फुगलेल्या बॅटऱ्यांची चौकशी केली तर बहुतेक वेळा त्या पूर्ण चार्ज करून आठवडेच्या आठवडे ट्रंकेत ठेवल्या होत्या असे निघते.

दहा लिटरच्या ड्रोनला सहसा सहा सेलच्या दोन बॅटऱ्या (पॅक) सिरीजमध्ये, म्हणजे एकीमागे एक जोडतात, १६,००० किंवा २२,००० एमएएच क्षमतेच्या. या दोन पॅकांचा एक संच. सेलचे आकडे तोंडपाठ हवेत. पूर्ण भरला की ४.२० व्होल्ट, ठेवणीला ३.८० ते ३.८५, आणि उडताना भाराखाली ३.५ च्या खाली जाऊ द्यायचा नाही. ३.० च्या खाली गेलेला सेल पुन्हा पूर्वीसारखा होत नाही. सहा सेलच्या पॅकला हेच आकडे २५.२, २२.८ ते २३.१ आणि २१ होतात. लेबलवर ‘एचव्ही’ (हाय व्होल्टेज) असेल तर सेल ४.३५ पर्यंत भरतो. साधा पॅक लावून चार्जरवर चुकून तो प्रकार निवडला तर आग लागायला तेवढे पुरते.

पूर्ण भरलेल्या सेलमध्ये रसायने स्वस्थ बसत नाहीत. वरच्या व्होल्टेजला आतले द्रावण हळूहळू विघटित होते, त्यातून वायू सुटतो आणि सेलचे पाकीट फुगते. उष्णतेने हा वेग आणखी वाढतो. लिथियम आयन बॅटरी पूर्ण भरून ४० अंश सेल्सिअसला वर्षभर ठेवली तर ढोबळमानाने ३५ टक्के क्षमता जाते. ४० टक्के भरून ठेवली तर १५ टक्के. अथणीकडच्या एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या शेडमधली ट्रंक ४० अंशांवर सहज जाते. पावसाळ्यात आज-उद्या उघडीप मिळेल म्हणून सगळे संच भरून ठेवायचे आणि दहा दिवस झड लागायची, हे तर खानापूर भागात ठरलेलेच.

त्यामुळे नियम सोपा ठेवावा. रात्री सगळे संच ठेवणीच्या व्होल्टेजवर आणि चार्जिंग कामाच्या दिवशी पहाटे. काम रद्द झाले आणि दोन दिवसांत उडण्याची खात्री नसेल तर बॅटरी उतरवायचीच, म्हणजे ठेवणीच्या व्होल्टेजपर्यंत रिकामी करायची. चार्जरमध्ये ‘स्टोरेज’ची सोय असते, पण बऱ्याच चार्जरांची उतरवण्याची ताकद वीस-तीस वॅट असते. २२,००० च्या पॅकमध्ये सुमारे ४८८ वॅट-तास साठतात; त्यातले दोनशेवर काढायला अशा चार्जरला आठ-दहा तास लागतात. लोक कंटाळतात आणि तशीच ठेवून देतात, ती इथेच. उघडीप असेल तर त्यापेक्षा टाकीत स्वच्छ पाणी भरून मोकळ्या शिवारात पाच-सहा मिनिटे ड्रोन चालवावा. बॅटरी उतरते आणि टाकी, नळ्या, नोझल धुऊन निघतात, जे एरवीही करायचेच असते.

पाऊस कोसळत असेल तर ट्रकच्या हेडलाइटचा २४ व्होल्टचा, ७०-७५ वॅटचा बल्ब उपयोगी पडतो. सहा सेलच्या पॅकला तो थेट चालतो आणि सुमारे तीन अँपिअर ओढतो, म्हणजे पॅकच्या आकाराप्रमाणे अडीच ते साडेतीन तासांत काम होते. बॅलन्स वायरला, म्हणजे पॅकमधल्या प्रत्येक सेलपर्यंत जाणाऱ्या बारीक वायरींच्या जोडणीला, बाजारात मिळणारा छोटा बझर लावून तो ३.८ वर ठेवावा. पहिला सेल तिथे आला की ओरडतो. बल्ब भयंकर तापतो, तो फरशीवर हवा आणि माणूस जवळच हवा. बझर वाजल्यावर बल्ब आणि बझर दोन्ही काढायचे, कारण विसरलेला बझरही महिनाभरात सेल खाली खेचतो.

आता मोजणीबद्दल. चार्जरवर किंवा रिमोटच्या पडद्यावर दिसणाऱ्या एकूण व्होल्टेजवर विसंबणे ही आपल्याकडची सर्वात महागडी सवय आहे. एका पॅकचे सेल असे दिसले समजा: ३.८४, ३.८४, ३.८३, ३.८४, ३.७१, ३.८४. बेरीज २२.९०, म्हणजे वरून पाहणाऱ्याला सगळे ठाकठीक. पण पाचवा सेल आजारी आहे. भरलेली टाकी घेऊन ड्रोन उठतो तेव्हा हाच सेल आधी ३.३ च्या खाली कोसळतो, बाकीच्या पाचांत दम असला तरी. मग ‘बॅटरी ४० टक्के दाखवत होती आणि ड्रोन उसात पडला’ असे सांगितले जाते.

चार्ज पूर्ण झाल्यावर सेलांतला फरक ०.०३ व्होल्टच्या आत असावा. ०.०५ च्या पुढे गेला तर पॅकवर खूण करून लक्ष ठेवावे, ०.१ झाला की तो फवारणीतून बाद. अशा वेळी संथ बॅलन्स चार्ज (सगळे सेल एका पातळीवर आणणारा चार्ज) करून पाहावा आणि पॅक आठ दिवस ठेवणीत सोडावा. तोच सेल पुन्हा खाली आलेला दिसला तर त्याच्या आत बारीक गळती सुरू आहे, तिथे बॅलन्स करून काही होणार नाही. एकट्या सेलला वेगळी वायर जोडून ‘वर आणण्याचे’ कसब काही ठिकाणी दाखवले जाते. तो प्रकार करू नये.

दुसरे माप अंतर्गत रोधाचे, ते बहुतेक चांगले चार्जर मिलिओममध्ये दाखवतात. मोठ्या पॅकमध्ये नव्या सेलचा रोध एक-दोन मिलिओमच असतो. इतक्या लहान आकड्यात चार्जरची चूकही येते, म्हणून एकाच चार्जरवर, बॅटरी खोलीच्या तापमानाला आलेली असताना आणि दर वेळी साधारण तेवढीच भरलेली असताना मोजावे. एकट्या आकड्याला फारसा अर्थ नाही. नवी असतानाच्या नोंदीशी तुलना हवी. रोध दुप्पट झाला की त्या पॅकवर भरलेली टाकी उचलू नये. म्हणून पॅक घरी आला त्याच दिवशी शंभर पानी वहीत त्याचे पान उघडावे: खरेदीची तारीख, सहाही सेलांचा रोध, नंतर किती वेळा चार्ज झाला, उतरताना किती व्होल्ट होते. सिरीजमधल्या दोन पॅकांची जोडी रंगाने खुणावून ठेवावी आणि ती कधीच मोडू नये. जुन्याला नवा जोडला की जुना आधी रिकामा होतो. एक २३ आणि दुसरा २१ व्होल्टवर असला तरी पडद्यावर ४४ च दिसतात.

हंगामातली घाई हा दुसरा शत्रू. उड्डाणानंतर पॅक ५० अंशांच्या पुढे तापलेला असतो. ४० च्या खाली आल्याशिवाय चार्जरला लावू नये. सावलीत, वाऱ्यावर वीस-पंचवीस मिनिटे लागतात; ओले फडके किंवा बर्फ नको. चार्जिंगचा प्रवाह उत्पादकाने लेबलवर दिला असेल तेवढाच. काही सांगितले नसेल तर एक ‘सी’, म्हणजे क्षमतेइतकाच प्रवाह: १६,००० च्या पॅकला १६ अँपिअर आणि २२,००० च्या पॅकला २२. या वेगाने एक संच भरायला ५०-५५ मिनिटे लागतात. महिला बचत गटांना ड्रोन देणाऱ्या केंद्राच्या नमो ड्रोन दीदी योजनेत ड्रोनसोबत मुळच्या बॅटरीशिवाय चार जादा संच दिले ते याचसाठी. तरीही दोन मार्गांच्या एका चार्जरवर एका वेळी एकच संच भरतो, त्यामुळे पाच भरलेले संच तासाभरात संपले की पुढे ड्रोन चार्जरच्या चालीने चालतो. मालक घाई करतो म्हणून अँपिअर वाढवण्यापेक्षा दुसरा चार्जर घेणे स्वस्त पडते. ‘अजून अर्धी टाकी आहे, तेवढी मारून उतरू’ हेही तसेच. ३० टक्क्यांना उतरायचे म्हणजे उतरायचे.

विजेबाबत दोन गोष्टी. २२,००० चे दोन पॅक २२ अँपिअरने भरताना सुमारे ११०० वॅट बॅटरीत जातात, भिंतीतून त्याहून जास्त. पाच अँपिअरचा साधा प्लग आणि बाजारातला बारीक वायरचा बोर्ड यासाठी नाही. पंधरा अँपिअरचा पॉवर प्लग आणि अडीच चौरस मिलिमीटरची वायर घ्यावी. शेतात जनरेटर अडीच-तीन केव्हीएचा. लाइट जाऊन आल्यावर काही चार्जर आपोआप सुरू होत नाहीत, काही होतात. आपला कोणता, हे आधीच पाहून ठेवावे.

चार्जिंग कुठे करता याला फार महत्त्व आहे. निपाणी भागात तंबाखूच्या वखारीच्या कोपऱ्यात चार्जर मांडलेले दिसतात, इतरत्र कडब्याच्या गंजीशेजारी किंवा पेट्रोलच्या कॅनजवळ. लिथियमची बॅटरी पेटली की आतूनच उष्णता तयार होत राहते, एक सेल दुसऱ्याला पेटवतो. पोते टाकून ती विझत नाही. मोकळ्या जागेत शहाबादी फरशीवर चार्ज करावे, मेन स्विच हाताशी असावा, शेजारी पाण्याचे पिंप आणि वाळूच्या दोन बादल्या. आग लागली तर आधी मेन बंद, मग लांबून भरपूर पाणी, आणि विझल्यासारखी वाटली तरी ओतत राहायचे. बॅटरीतल्या लिथियमवर पाणी टाकल्यास स्फोट होतो हा समज धातूरूप लिथियमच्या बाबतीतला आहे. इथे पाण्याचे काम थंड करण्याचे. धुरात हायड्रोजन फ्लोराइड असते, म्हणून वाऱ्याच्या वरच्या बाजूला उभे राहावे. रात्री लावून झोपणे तर नकोच.

फुगलेला पॅक ओळखायला सपाट फरशीवर ठेवून स्टीलची पट्टी आडवी धरावी. पट्टीच्या दोन्ही टोकांखाली फट दिसली की झाले. टाचणीने वायू काढू नये. पॅक बडतर्फ करताना वरचाच बल्ब उघड्यावर जोडून पूर्ण विझेपर्यंत आणि नंतरही एक-दोन दिवस ठेवावा. मिठाच्या पाण्यात बुडवण्याचा उपाय सर्रास सांगतात, पण त्यात बाहेरची टोके आधी गंजून तुटतात आणि आत चार्ज शिल्लक राहू शकतो. नंतर तो भंगारात किंवा विहिरीत टाकायचा नाही. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेली बॅटरी गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. विक्रेत्याकडे ती परत घेण्याचा आग्रह धरावा.

फवारणीच्या दिवसांत आणखी एक बारीक काम उरते. कनेक्टरवर औषधाचे तुषार बसतात आणि मोरचूद असेल तर निळसर थर चढतो. काळा पडलेला किंवा सैल कनेक्टर तापतो आणि व्होल्टेज खातो. संध्याकाळी आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या फडक्याने पुसून टोपी लावली की पाच मिनिटांत काम होते.

शेवटी एक विनंती. चार्जर आणि बॅटरीसोबत येणाऱ्या पुस्तिका इंग्रजीत असतात, प्रशिक्षण बहुधा कन्नड किंवा इंग्रजीत होते. खानापूर, निपाणी, बेळगाव तालुक्यांत ड्रोन हाताळणारे बरेच जण, विशेषतः बचत गटांतल्या भगिनी, मराठीत वाचणाऱ्या आहेत. कृषी खात्याच्या रयत संपर्क केंद्रांत आणि सोसायट्यांच्या भिंतीवर कन्नडबरोबर मराठीतही एक पानी तक्ता लागावा: सेलचे तीन आकडे, चार्जिंगची जागा, आग लागल्यास क्रम. ड्रोन खरेदी करणाऱ्या सोसायट्यांनी निविदेतच दर ड्रोनमागे सेल तपासण्याचा मीटर आणि दुसरा चार्जर मागावा. काही शे रुपयांच्या मीटरसाठी काही हजारांचा पॅक जाऊ देऊ नये.

आपला,
ड्रोन व बॅटरी दुरुस्ती करणारा एक वाचक,
निपाणी, जि. बेळगाव