भरावाची माती कुठून येणार? जलमार्ग मंत्र्यांना खुले पत्र

माननीय केंद्रीय बंदरे, नौवहन व जलमार्ग मंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

२०१६च्या कायद्याने देशात १११ राष्ट्रीय जलमार्ग झाले. त्यांतला पहिला, हल्दिया ते प्रयागराज, १६२० किलोमीटरचा. नदीतून मालवाहतूक व्हावी, याला माझा विरोध नाही. हे पत्र काठाबद्दल, तिथे मातीखाली दडलेल्या जुन्या वस्त्यांबद्दल आहे.

बंदराला जी जागा सोयीची, म्हणजे उंच, पुरात न बुडणारा काठ किंवा दोन नद्यांचा संगम, तीच हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांनाही सोयीची होती. बिहारमधलं चिरांद पाहा. गंगा-घागरेच्या संगमाजवळच्या या नवाश्मयुगीन वस्तीत हाडांची आणि शिंगांची हत्यारं मिळाली. म्हणजे जेट्टीच्या नकाशावर बोट ठेवाल तिथे खाली पांढरीचं टेकाड, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीचा उंचवटा, असण्याची शक्यता इतर कुठल्याही जागेपेक्षा जास्त.

कायदा आहे, हे मान्य. संरक्षित स्मारकापासून १०० मीटर बांधकामाला मनाई आणि पुढच्या २०० मीटरवर नियंत्रण. पण हे अंतर मोजायला स्मारक आधी यादीत हवं. जमिनीखाली जे अजून कुणी पाहिलेलंच नाही, त्याच्यापासून अंतर मोजणार कसं? वाराणसीचं राजघाट, तिथली प्राचीन वस्तीची जागा, १९४०च्या सुमारास काशी स्थानकाच्या विस्तारासाठी माती काढताना उघडं पडलं. मातीच्या मुद्रांचा ढीग मिळाला, पण त्या कुठल्या थरातल्या, म्हणजे कुठल्या काळातल्या, हे सांगणार कोण? पद्धतशीर उत्खनन १९५७ नंतरचं. त्याच शहरापाशी रामनगरला २०१८ साली आपलं टर्मिनल सुरू झालं.

धोका फक्त जेट्टीच्या खांबांचा नाही. ड्रेजर गाळ उपसतो तेव्हा खापर, नाणं, नावेची फळी सगळं एकाच पाइपातून बाहेर पडतं. पात्र खोल केलं की प्रवाह दुसऱ्या काठाला चावू शकतो. आणि सगळ्यांत कमी बोललं जातं ते भरावाबद्दल. टर्मिनलसाठी, जोडरस्त्यासाठी हजारो ब्रास माती लागते. ठेकेदाराला जवळचं उंचवट्याचं रान दिसतं, आणि ते टेकाड असेल तर ट्रकांतून निघून जातं. प्रकल्पाच्या हद्दीबाहेरचं म्हणून त्याचा कागदही होत नाही.

म्हणून मागणी एवढीच. जागेचा आराखडा पक्का होण्याआधी दोन्ही काठांची पायी पाहणी आणि पात्राच्या तळाचं ध्वनिलहरींनी (सोनार यंत्राने) सर्वेक्षण व्हावं. माती कुठून उचलणार त्या जागाही त्यात याव्यात. उपसा चालू असताना पुरातत्त्वज्ञ हजर असावा आणि काम थांबवण्याचा अधिकार लेखी त्याच्याकडे असावा. नुसता सल्लागार ठेवलात तर तो चहा पिऊन परत जाईल. हा खर्च आणि थांबण्याचे दिवस निविदेतच धरा, म्हणजे ठेकेदाराला सापडलेली वस्तू लपवावीशी वाटणार नाही.

उशीर होईल, असं आपले अधिकारी म्हणतील. होईलही. इस्तंबूलला येनीकापीत रेल्वेसाठी खणताना गाळात बुजलेलं जुनं बंदर लागलं, ३७ जहाजं निघाली, काम काही वर्षं रखडलं. आज तिथून गाड्या धावतात, आणि जहाजांचा अभ्यासही झाला.

पुढच्या टर्मिनलची निविदा निघण्याआधी मातीच्या जागांची यादी जाहीर कराल का? उत्तराची वाट पाहतो.

आपला,
एक नागरिक