सरांकडे पहिल्यांदा जाण्याआधी

तीर्थरूप आई-बाबा,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा व्हायोलिन शिकणार आणि आई व्हायोला (व्हायोलिनसारखंच, पण थोडं मोठं आणि खालच्या सुरांचं वाद्य), तेही एकाच सरांकडे, हे कळल्यापासून फार आनंद झालाय. फोनवर सगळं नीट सांगता येत नाही, म्हणून लिहिते. दोघांनी वाचा, आणि जे पटणार नाही ते सरांना विचारा. त्यांचा शब्द शेवटचा.

म्हापशात असे सर मिळाले यात मला नवल वाटत नाही. पोर्तुगीज काळात चर्चच्या शाळांतून गोव्यातल्या मुलांना नोटेशन, म्हणजे कागदावर लिहिलेले सूर, वाचायला आणि व्हायोलिन धरायला शिकवत. तीच मुलं पुढे मुंबईच्या सिनेमांच्या ऑर्केस्ट्रांत जाऊन बसली. लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतल्या प्यारेलालजींचे व्हायोलिनचे गुरू अँथनी गोन्साल्विस गोव्यातल्याच माजोर्ड्याचे. तुमचे सर आयुष्यभर ऑर्केस्ट्रात वाजवून आलेत आणि त्यांनी दोन्ही वाद्यं खरोखर वाजवली आहेत, हे महत्त्वाचं. फक्त व्हायोलिन वाजवणारे शिक्षक व्हायोलाला पुष्कळदा मोठं व्हायोलिन समजून शिकवतात, आणि मग शिकणाऱ्याच्या खांद्याचे हाल होतात.

एक गोष्ट आधीच मनाशी ठरवा. पहिले दोन-तीन महिने गाणं वाजणार नाही, आणि वाजावं म्हणून सरांच्या मागे लागू नका. गाण्याचे सूर तर व्हिडिओ बघूनही सापडतात. सरांकडे जायचं ते त्यांनी तुमचा अंगठा, मान आणि उजवा कोपर बघावा म्हणून. स्वतः वाजवताना या तीन जागा दिसत नाहीत, आणि साठीनंतर दुखणं नेमकं याच तीन जागांतून सुरू होतं.

आता वाद्यं. व्हायोलिनच्या तारा जाडीकडून बारकीकडे जी, डी, ए, ई (ही पाश्चात्त्य सुरांची नावं). व्हायोलाच्या सी, जी, डी, ए. म्हणजे मधल्या तीन तारा दोघांच्या सारख्याच. बाबांकडे वर एक ई जास्त, आईकडे खाली एक सी जास्त. व्हायोलिनची पेटी, म्हणजे तारांखालचा पोकळ भाग, साधारण ३५.५ सेंटीमीटर लांब असते. व्हायोला पाच सूर खाली उतरतो, तेव्हा हिशेबाने त्याची पेटी जवळजवळ दीडपट हवी, पण एवढं वाद्य हनुवटीखाली धरताच येणार नाही. म्हणून पेटी लहान ठेवतात, आणि त्यातूनच तो थोडा नाकातला, घोगरा, जवळचा आवाज येतो. आई, तुझ्या भजनाच्या पट्टीला तो आवाज जितका शोभेल तितका व्हायोलिनचा शोभणार नाही. व्हायोला म्हणजे दुय्यम, असं कोणी म्हटलं तर ऐकू नकोस. मोत्झार्ट स्वतः चौघांच्या वादनात व्हायोला घेऊन बसत असे.

व्हायोलिनचा पूर्ण आकार ठरलेला आहे. बाबा, डावा हात खांद्याच्या रेषेत लांब करा आणि मानेपासून तळहाताच्या मध्यापर्यंत टेपने मोजा. ५८-५९ सेंटीमीटरच्या वर भरलं तर पूर्ण आकाराचं वाद्य घ्या. व्हायोलाला असा एक आकार नाही; मोठ्या माणसांसाठी १५ ते १६.५ इंची मिळतात, त्याहून लहानही मिळतात. आई, तुझा डावा खांदा गेल्या वर्षी आखडला होता, तेव्हा दुकानदार १६ इंचीचा आवाज ऐकवून भुलवेल तरी घेऊ नकोस. १५ इंची खांद्यावर ठेव, डाव्या हाताने वाद्याच्या टोकाचा गोल भाग कवळ. कोपर थोडा वाकलेला राहून बोटं गोलाभोवती आली तर ठीक. हात ताणून सरळ झाला तर १४ इंची बघ. आवाजात थोडं उणं पडेल, पण खांदा शाबूत राहील.

शक्य असेल तर पहिल्या तासाला सरांचंच जुनं वाद्य वाजवा, आणि नवं त्यांना सोबत नेऊन किंवा त्यांना दाखवून घ्या. स्वस्त सेटमध्ये ब्रिज (तारा ज्यावर टेकतात ती उभी लाकडी पट्टी) नीट न घासता तसाच उंच लावलेला असतो. तार जितकी वर, तितकं बोट जास्त दाबावं लागतं, आणि माणसाला वाटतं आपल्याच बोटांत जोर नाही. व्हायोलिनच्या फिंगरबोर्डच्या (बोटं दाबायची लांब पट्टी) ब्रिजकडच्या टोकाशी ई तारेखाली साधारण साडेतीन मिलिमीटर आणि जी तारेखाली साडेपाच मिलिमीटर जागा असावी. खुंट्यांकडच्या टोकाला, तार जिथून खाली उतरते तिथे, तारेखालून व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकायला हवं. जास्त फट असेल तर पहिलं बोट दुखणारच. सेटबरोबर आलेल्या तारा बहुतेक वेळा बदलाव्या लागतात. बदलताना एकेक तार बदला, सगळ्या एकदम काढू नका. आतला साउंडपोस्ट हा छोटा दांडा नुसत्या दाबावर उभा असतो. दाब गेला की तो पडतो, आणि तो उभा करणं घरचं काम नव्हे.

उजव्या हाताबद्दल जास्त लिहिते, कारण आवाज तिथून येतो आणि लोक डाव्या हाताकडेच बघत बसतात. व्हायोलिनचा बो, म्हणजे तारांवर ओढायची केस लावलेली काठी, साधारण ६० ग्रॅम, व्हायोलाचा ७०. तो धरायचा नसतो, हातावर तोलायचा असतो. अंगठा बाहेरच्या बाजूला वाकलेला, त्याच्या समोर मधलं बोट, करंगळी काठीच्या माथ्यावर टेकलेली आणि गोल. अंगठा सरळ झाला की मनगट कडक होतं, मनगट कडक झालं की खांदा वर चढतो आणि बो तारेवर उड्या मारायला लागतो. सर कदाचित पहिल्या आठवड्यात बो हातात न देता पेन्सिल देतील. तीच पेन्सिल घरी टीव्हीसमोर बसून धरायची.

बो ब्रिजला समांतर चालला पाहिजे, ब्रिज आणि फिंगरबोर्ड यांच्या साधारण मधून. खाली ओढताना कोपर मागे जातो, त्यामुळे बो तिरका होऊन फिंगरबोर्डकडे घसरतो आणि आवाज धुरकट होतो. यावर उपाय म्हणजे बोच्या टोकाकडे जाताना हात पुढे सरकवायचा. करकर आवाज येतो तेव्हा वेगाच्या मानाने वजन जास्त पडलेलं असतं. शिट्टी किंवा वाऱ्यासारखा आवाज येतो तेव्हा वेग जास्त आणि वजन कमी. कान एवढा फरक ओळखायला लागले की अर्धं काम झालं. आई, व्हायोलाच्या जाड तारा उशिरा बोलतात. तुझा बो बाबांपेक्षा हळू चालेल, केस जास्त सपाट टेकवावे लागतील, आणि सी तारेवर सुराच्या सुरुवातीला केसांनी तार क्षणभर पकडावी लागेल. बाबांच्या वेगाने ओढलंस तर सी तार नुसती घरघरेल. रोझिनही (बोच्या केसांना घासायची राळ) व्हायोलाला थोडं मऊ, गडद घेतात. रोज घासू नका. तारांखाली पांढरी पूड साचलेली दिसली तर जास्त झालं म्हणून समजा, आणि वाजवून झालं की कोरड्या सुती फडक्याने पुसून टाका.

डाव्या हाताचं एक माप सांगते, म्हणजे पहिल्या वर्षी वाद्यं अदलाबदल का करायची नाहीत ते कळेल. व्हायोलिनवर नटपासून (खुंट्यांकडची तारांखालची छोटी पट्टी) पहिल्या बोटाचा पूर्ण स्वर साधारण साडेतीन सेंटीमीटरवर आणि तिसरं बोट आठ सेंटीमीटरवर पडतं. १५ इंची व्हायोलावर तेच जवळजवळ चार आणि नऊ. अर्धा सेंटीमीटर म्हणजे साफ बेसूर. हाताला एक चौकट पक्की व्हायला महिने लागतात. त्या काळात आईने गंमत म्हणून व्हायोलिन आणि बाबांनी गंमत म्हणून व्हायोला घेतला, तर दोघांचीही चौकट बसणार नाही. सर सुरुवातीला फिंगरबोर्डवर बारीक पट्ट्या चिकटवतील. त्यांच्याकडे बघायची सवय लावून घेऊ नका, ऐकायची लावा. सूर बरोबर लागला की वाद्य स्वतः सांगतं: बाबांनी डी तारेवर तिसरं बोट बरोबर ठेवलं की बाजूची मोकळी जी तार आपोआप थरथरते, डोळ्यांना दिसतेसुद्धा. आई, तुझ्या जी तारेवरच्या तिसऱ्या बोटाला सी तार असंच उत्तर देईल. बोट किंचित सरकवून बघ, थरथर लगेच विझेल.

नोटेशनच्या सुरुवातीला कोणती रेघ कोणत्या सुराची ते सांगणारं चिन्ह, म्हणजे क्लेफ, तेही दोघांचं वेगळं. बाबा ट्रेबल क्लेफ वाचतील, आई आल्टो क्लेफ, ज्यात मधली रेघ म्हणजे मधला सी. आई, तुला आधी काहीच वाचता येत नाही हे इथे चांगलंच आहे. व्हायोलिनकडून व्हायोलाकडे वळणारे लोक या मधल्या रेघेपाशी कितीतरी दिवस अडखळतात.

तास वेगवेगळे घ्या. तीस-तीस मिनिटं एकेकट्याची आणि शेवटची दहा-पंधरा दोघांनी मिळून, असं सरांना विचारून बघा. परवडत असेल तर पहिले दोन महिने आठवड्यातून दोनदा जा, कारण चूक पक्की व्हायला सात दिवस पुरतात. घरचा रियाज एका बैठकीत दहा-बारा मिनिटं, दिवसातून दोन-तीन वेळा, मध्ये वाद्य खाली ठेवून. सलग तास काढलात तर शेवटची वीस मिनिटं थकलेल्या हाताने वाजवाल, आणि लक्षात राहील ते थकलेल्या हाताचंच. स्नायू थकल्याची कळ विश्रांतीने जाते. मुंग्या येणं, बोट बधिर होणं, अंगठ्याच्या बुंध्याशी टोचणं हे वेगळं. तसं झालं तर त्याच दिवशी थांबा आणि सरांना सांगा. हनुवटी टेकायच्या चिनरेस्टची उंची किंवा वाद्याखाली खांद्यावर बसणाऱ्या शोल्डर रेस्टचा कोन बदलल्यावर अशी बरीच दुखणी थांबतात. मान खाली दाबून वाद्य धरावं लागत असेल तर दोष मानेचा नसून मापाचा असतो.

बाबा, तुमच्या डाव्या कानातल्या यंत्राबद्दल. ते बोलणं ऐकण्यासाठी बसवलेलं आहे. व्हायोलिनचा लांब सूर त्याला स्वतःचीच शिट्टी वाटते, ते ती दाबायला जातं आणि तुम्हाला सूर हेलकावताना ऐकू येतो. तुम्ही बेसूर वाजवताय असं समजून बोट सरकवत बसाल. ऑडिओलॉजिस्टकडून वेगळा म्युझिक प्रोग्रॅम टाकून घ्या. जाताना व्हायोलिन सोबत न्या आणि तिथेच वाजवून बघा. ई तार डाव्या कानापाशी ८५ डेसिबलच्या वर सहज जाते, तेव्हा त्या तारेचा रियाज थोडा थोडा करा, नाहीतर ब्रिजवर आवाज दाबणारा रबरी म्यूट लावा.

नाट्यगीतं वाजवायची तुमची ओढ मला माहीत आहे. पण ते धरणं वेगळं. हिंदुस्थानी वादक मांडी घालून बसतात, वाद्याचं टोक उजव्या पावलावर टेकवतात, त्यामुळे डावा हात मोकळा होतो आणि बोट तारेवरून गळ्यासारखं घसरू शकतं. तारा सा आणि प यांत लावलेल्या असतात. गजाननबुवा जोशी, व्ही. जी. जोग, डी. के. दातार यांचं वादन ऐका, भरपूर ऐका. पण हे सर पाश्चात्त्य पद्धतीचे आहेत आणि तुमचे गुडघे मांडीला तयार नाहीत, तर वर्षभर एकच पद्धत धरा. पाश्चात्त्य बैठकीतही पहिल्या जागेतल्या (हात खुंट्यांजवळच ठेवून लागणाऱ्या) सुरांवर एखादी साधी चाल सर नक्की बसवून देतील. आणि पाश्चात्त्य संगीताच्या ग्रेडच्या परीक्षांचा विचार आत्ता मुळीच नको. त्या आठ पायऱ्या मुलांना दिशा द्यायला ठीक आहेत, तुम्हाला तारखेचं ओझं कशाला?

पावसाळा जवळ आलाय म्हणून शेवटी वाद्यांची काळजी. गोव्याच्या दमट हवेत खुंट्या फुगून अडकतात. जोर लावून पिळल्या तर मोडतात. खुंटी बाहेर ओढून घासणीच्या जागी कोरडा साबण किंचित फिरवला की सुटते. एसीच्या खोलीत उलट होतं, त्या घसरतात; तेव्हा खडू. वाद्य ठेवायच्या डब्यात सिलिका जेलच्या (ओलावा शोषणाऱ्या) पुड्या ठेवा आणि महिन्याने बदला. बोचे केस ओलाव्याने लांबतात, म्हणून वाजवताना जास्त आवळावे लागतात, पण वाजवून झाल्यावर सैल केले नाहीत तर काठी वाकडी होते. वाद्य बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नका, बुरशी धरते. बंद गाडीत उन्हात तर कधीच नको. आतला सरस मऊ होऊन सांधे सुटतात. वाजवताना अचानक झरझर आवाज यायला लागला तर कडेचा सांधा उघडलाय का बघा, बोटाच्या पेराने कडेने टकटक केलं की उघड्या जागी आवाज पोकळ येतो. बाबा, तिथे फेविकॉल लावू नका. हा सांधा पुन्हा उघडता यावा म्हणूनच सरसाने जोडलेला असतो. फेविकॉल लावला तर पुढच्या वेळी लाकूडच फाटेल. सरांना विचारून कारागिराकडे द्या.

आईच्या व्हायोलासाठी शोल्डर रेस्ट घेताना तो व्हायोलाचाच आहे ना ते बघा. व्हायोलिनचा त्यावर नीट बसत नाही, निसटतो. दोन्ही वाद्यांच्या तारांचा एकेक जादा सेट आणि गडद रोझिनची वडी मी कुरिअरने पाठवतेय. पाकिटांवर बाबांचं आणि आईचं अशी नावं घातली आहेत, अदलाबदल करू नका. पहिल्या तासानंतर सरांनी बसण्याबद्दल आणि अंगठ्याबद्दल काय सांगितलं ते दोघांनी वेगवेगळं लिहून कळवा.

तुमची,
धाकटी