नाउसाच्या कोळीदादांचे आभार

ग्रीसमधल्या पारोस बेटावरच्या नाउसा बंदरातले म्हातारे कोळीदादा आणि त्यांच्या बरोबरचा पोरगा, तुमची नावं विचारायची राहूनच गेली. हे आभार तुमचे.

उन्हाळ्यात एजियन समुद्रावर उत्तरेचा मेल्तेमी वारा सुटतो. आकाश निरभ्र, पण वारा दिवसचे दिवस थांबत नाही. नाउसाची खाडी उत्तरेलाच उघडी. तिथेच आमच्या बोटीच्या पंख्यात वाहत आलेला दोर अडकला आणि इंजिन बंद पडलं. शिडं उतरवलेली, खडक जवळ. ही सुकाणू धरून होती. मी नांगर टाकला, तो धरेना.

तुम्ही जाळी आवरायची सोडून आलात, दोर फेकलात, धक्क्यापर्यंत ओढून नेलंत. पोरानं सुरी घेऊन चार वेळा बुडी मारली. वर आला तेव्हा मनगट खरचटलेलं आणि मुठीत हिरव्या दोराचा गुंता.

पैसे पुढे केले, तर तुम्ही नुसती मान वर झटकलीत. ग्रीसमध्ये तो नकार. मग तारेवरचे दोन मासे काढून निखाऱ्यांवर टाकलेत. बांगड्याच्याच जातीचा मासा, चिरून पसरट केलेला, उन्हात सुकवलेला. तिथे त्याला 'गूना' म्हणतात. वर लिंबू पिळलंत. पहिल्याच घासाला हिचे डोळे भरून आले. मालवणला आजीच्या अंगणात वाळणाऱ्या बांगड्यांचा वास होता तो. तिनं खुणेनं सांगितलं, आणि तुम्ही उरलेले चार कागदात गुंडाळून तिच्या हातात ठेवलेत.

पुढच्या बेटापर्यंत ते आम्ही पुरवून पुरवून खाल्ले.