ट्रेनिंग झालं, आता सेविकेच्या खोलीत कोण येणार?

संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मी मानखुर्द, गोवंडी आणि मालवणीच्या अंगणवाड्यांमध्ये बालशिक्षणाची प्रशिक्षक म्हणून बरीच वर्षं काम करतेय. संस्थेचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण खाली लिहिलंय ते सगळं माझं स्वतःचं मत आहे. पेपरात अंगणवाडीची बातमी येते ती आझाद मैदानात मोर्चा असला की, नाहीतर आहारात काही गडबड निघाली की. त्या बातम्या यायलाच हव्यात, पण त्या खोलीत तीन ते सहा वर्षांची पोरं रोज काय शिकतात आणि त्यांना शिकवणाऱ्या बाईला, म्हणजे सेविकेला, कोण शिकवतं हा विषय कुठेच येत नाही म्हणून हे पत्र, थोडं लांबलंय, सांभाळून घ्या.

सध्या ट्रेनिंगची कमतरता आहे असं कुणी म्हणू शकत नाही. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात तीन ते आठ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा धरला, २०२२ मध्ये त्याचा अभ्यासक्रम आराखडा आला, २०२३ मध्ये केंद्राने सेविकांच्या ट्रेनिंगसाठी ‘पोषण भी पढाई भी’ सुरू केलं, २०२४ मध्ये तीन ते सहा वयासाठी ‘आधारशिला’ हा अभ्यासक्रम आणि शून्य ते तीनसाठी ‘नवचेतना’ आलं. आपल्या राज्याचा ‘आकार’ अभ्यासक्रम तर त्याच्याही आधीपासून आहे. मी हे सगळं वाचलंय आणि मनापासून सांगते, त्यात लिहिलेलं बहुतेक सगळं चांगलं आहे, खेळातून शिकणं, मुलाच्या घरची भाषा, गोष्टी, गाणी, रोज किमान दोन तास पूर्वशालेय शिक्षण, यात नाव ठेवण्यासारखं काही नाही.

अडतं ते पुढे. वर दिल्लीत मास्टर ट्रेनर तयार होतात, ते राज्यात येऊन बाल विकास प्रकल्प अधिकारी आणि मुख्य सेविकांना, म्हणजे सेविकांवर देखरेख करणाऱ्या बायकांना, शिकवतात, मग मुख्य सेविका आपल्या बीटमधल्या, म्हणजे आपल्याकडे सोपवलेल्या अंगणवाड्यांमधल्या, सेविकांना एका हॉलमध्ये बसवून तीन दिवस शिकवतात, आणि चौथ्या दिवशी सेविका आपल्या खोलीत परत जाते तेव्हा ती एकटी असते. दहा बाय बाराची खोली, भाड्याची, पावसाळ्यात गळणारी, एकीकडे आहाराचे डबे, वजनकाटा, रजिस्टरं, आणि समोर तीन वर्षांचं रडणारं पोर आणि साडेपाच वर्षांची चुणचुणीत मुलगी एकाच सतरंजीवर. कुणाच्या घरी भोजपुरी, कुणाच्या घरी उर्दू, कुणाच्या घरी तमिळ, दोघाचौघांच्या घरी मराठी. दारात आई उभी, तिला वहीत एबीसीडी लिहिलेली हवी कारण पलीकडच्या गल्लीतल्या प्रायव्हेट नर्सरीत लिहून घेतात. हॉलमधल्या स्लाइडवर यातलं काहीच नव्हतं, मग ती काय करणार, फळ्यावर अ आ इ लिहिते आणि पोरं सुरात म्हणतात. तिला येत नाही म्हणून ती असं करते हे मला कधीच मान्य होणार नाही.

एक उदाहरण देते म्हणजे मला काय म्हणायचंय ते कळेल. एक सेविका गोष्ट फार छान सांगायची, आवाज काढून, हातवारे करून. पण गोष्ट संपली की विचारायची, कोण आलं होतं? सगळी पोरं एका सुरात, माकड! काय खाल्लं? केळं! झालं. ट्रेनिंगमध्ये तिला सांगितलं होतं की मुलांना विचार करायला लावणारे प्रश्न विचारा, तिने ते वहीत लिहूनही घेतलं होतं, वही मला दाखवली. मी तिला काही बोलले नाही, पुढच्या वेळी म्हटलं आज गोष्ट मी सांगते, तुम्ही फक्त पोरांकडे बघा. मध्येच थांबले, आता माकड काय करेल गं? आणि गप्प बसले. मनातल्या मनात पाच आकडे मोजायचे, तेवढा वेळ मोठ्या माणसाला फार जड जातो, आपल्याला वाटतं पोरांना येत नाही आणि आपणच उत्तर देऊन टाकतो. पण तेवढ्यात कोपऱ्यातला एक मुलगा, जो तिच्या म्हणण्याप्रमाणे कधी बोलतच नव्हता, आपल्या भोजपुरीत म्हणाला की माकड आईला हाक मारेल. सेविका माझ्याकडे बघतच राहिली. नंतर आम्ही दोघी अर्धा तास बोललो, तो आधी का बोलत नव्हता, त्याची भाषा खोलीत यायला काय करता येईल, मोठ्यांच्या गलक्यात छोट्यांना कसं धरायचं. पुढच्या भेटीत गोष्ट तिने सांगितली, मी बघत होते, ती थांबली.

सरकारी कागदावर ज्याला तांत्रिक सहाय्य म्हणतात ते माझ्या मते हेच आहे, जाणत्या माणसाने खोलीत येऊन करून दाखवायचं, मग बघायचं, मग दोघींनी बसून बोलायचं आणि महिन्याभराने परत यायचं. परत येणं सगळ्यात महत्त्वाचं आणि नेमकं तेच होत नाही.

यात नवीन काही नाही, आपल्याच मातीतलं आहे. मुंबईत जन्मलेल्या ताराबाई मोडकांनी १९२६ मध्ये गिजुभाई बधेकांबरोबर नूतन बालशिक्षण संघ काढला, १९४५ मध्ये त्या बोर्डीला गेल्या, पुढे कोसबाडला, आणि अनुताई वाघ त्यांच्याबरोबर काम करता करताच बालशिक्षणातल्या एवढ्या मोठ्या झाल्या. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण मिळालं, अनुताईंना १९८५ मध्ये पद्मश्री. त्या दोघींनी आदिवासी पाड्यात जाऊन, मुलांच्या अंगणात बसून, बिया, शिंपले, काड्या घेऊन जे केलं त्यातूनच अंगणवाडी उभी राहिली. मग २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बाल विकास योजना देशात ३३ प्रकल्पांमध्ये सुरू झाली आणि अंगणवाडी सगळीकडे गेली. पण सोबत जायला हवी होती ती शेजारी बसून शिकवायची पद्धत मागेच राहिली असं मला वाटतं.

आता कुणी म्हणेल की मुख्य सेविका आहेत ना, त्या येतातच की. येतात, आणि त्यातल्या किती जणी जीव तोडून काम करतात ते मी पाहिलंय. पण एका मुख्य सेविकेकडे वीस-पंचवीस अंगणवाड्या, पदं रिकामी असली की शेजारच्या बीटचाही चार्ज, आणि भेटीला आल्या की आधी रजिस्टर, स्टॉक, पोषण ट्रॅकर ॲपवरची एंट्री, आता तर टीएचआर, म्हणजे घरी न्यायचा आहार, देताना चेहऱ्याची ओळख पटवायची, ते झालं का, का नाही झालं, नेटवर्क नव्हतं, मग परत करा. पोरांकडे बघायला वेळच राहत नाही. महिन्याच्या बीट बैठकीचंही तेच. खरं तर पोषण अभियानात २०१८ पासून याच मासिक बैठकीत थोडं थोडं शिकवायची चांगली पद्धत आणली होती, २१ मॉड्यूल, दर महिन्याला एक विषय, शिकायचं, महिनाभर करून बघायचं, परत येऊन बोलायचं. ते विषय जास्त करून आहार-आरोग्याचे होते पण पद्धत बरोबर होती. तशीच बालशिक्षणासाठी चालवा एवढंच माझं म्हणणं आहे, बैठकीचा पहिला एक तास फक्त मुलांवर, त्या तासात माहिती गोळा करायची नाही.

आणि सेविकेचा वेळ. ह्याच बायका बीएलओ म्हणून मतदार यादीचं काम करतात, सर्व्हे करतात, २०२४ मध्ये लाडकी बहीणचे अर्ज ह्यांनीच भरले. लसीकरण, वजन, उंची, गृहभेटी, गरोदर बायका हे तर त्यांचं रोजचंच आहे. यातून दोन तास शिकवायचे म्हणजे ते कुठून काढायचे हे कुणीतरी बसून ठरवायला हवं की नको? तामिळनाडूत ३२० अंगणवाड्यांमध्ये याचा नीट अभ्यास झालाय, अर्थतज्ज्ञ कार्तिक मुरलीधरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो केला. काही अंगणवाड्यांना फक्त पूर्वशालेय शिक्षणासाठी एक जादा अर्धवेळ बाई दिली, बाकीच्यांना नाही दिली. शिकवण्याचा वेळ दुप्पट झाला, दीड वर्षात मुलं गणितात आणि भाषेत पुढे गेली, आणि मूळच्या सेविकेला हात मोकळा मिळाला म्हणून तीव्र कुपोषण आणि खुंटलेली वाढही कमी झाली. पोषण आधी की शिक्षण आधी हा वाद आपल्याकडे उगाच घालतात, माणूस वाढवला की दोन्ही सुधारतं हे तिथे दिसलंय.

म्हणून माझी सूचना अशी. प्रत्येक बीटमध्ये एक अनुभवी सेविका निवडा, जिच्या खोलीत पोरं खरंच रमतात, कोण ते बीटमधल्या सगळ्यांना माहीत असतं. तिला अर्धा वेळ मार्गदर्शक करा, तिच्या वर्गावर बदली बाई द्या, आणि तिने इतरांकडे महिन्यातून एकदा जाऊन अख्खी सकाळ बसायचं. रजिस्टर तपासायचं नाही, वर कुणाला रिपोर्ट द्यायचा नाही, ही अट फार महत्त्वाची आहे, कारण जिच्याकडून नोटीस येईल अशी भीती वाटते तिच्यासमोर कुणी आपली अडचण सांगत नाही. ह्या कामाचे वेगळे पैसे द्या. केंद्राने २०१८ मध्ये सेविकेच्या मानधनातला आपला आकडा ४,५०० रुपये केला, वरचं राज्य घालतं, आणि तेवढ्यासाठीसुद्धा डिसेंबर २०२३ मध्ये आपल्या सेविकांना संपावर जावं लागलं, तो जानेवारीपर्यंत चालला. ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य व्हायला २०२२ साली सुप्रीम कोर्टापर्यंत जावं लागलं. अशा बाईवर अजून एक काम फुकट टाकणार असाल तर मार्गदर्शक वगैरे काही नकोच.

आमच्यासारख्या संस्थांनाही एक सांगायचंय. कंपन्यांच्या सीएसआरचे (सामाजिक कामाचे) पैसे येतात, तीन वर्षांचा प्रोजेक्ट होतो, आमच्या मुली फिल्डवर जातात, खोल्या रंगतात, खेळण्यांचे कोपरे होतात, मग फंड संपतो आणि आम्ही दुसऱ्या वॉर्डात जातो. मागे राहतं ते किती, हे आम्ही प्रामाणिकपणे बघायला हवं. पहिल्या दिवसापासून मुख्य सेविका आणि मार्गदर्शक सेविका आमच्याबरोबर खोलीत असायला हव्यात, पहिल्या वर्षी आम्ही करू त्या बघतील, दुसऱ्या वर्षी त्या करतील आम्ही बघू, तिसऱ्या वर्षी आम्ही फक्त फोनवर.

मुंबईत अजून एक गोंधळ आहे. एकाच गल्लीत एकात्मिक बाल विकास योजनेची अंगणवाडी, जवळच महापालिकेची बालवाडी, आणि मुंबई पब्लिक स्कूलमध्ये नर्सरी. तिघींचे अधिकारी वेगळे, ट्रेनिंग वेगळं, पुस्तकं वेगळी, पोरं मात्र एकाच चाळीतली. राष्ट्रीय शिक्षण धोरणात लिहिलंय की बारावी झालेल्या सेविकांना सहा महिन्यांचा सर्टिफिकेट कोर्स, कमी शिकलेल्यांना एक वर्षाचा डिप्लोमा, महिन्यातून निदान एक वर्ग समोरासमोर, आणि शाळा खात्याच्या केंद्रांकडून मार्गदर्शन. मग वॉर्डनिहाय ह्या तिन्ही ठिकाणच्या बायकांना तो महिन्याचा वर्ग एकत्र द्या की, जागा पालिकेच्या शाळेत शनिवारी सहज मिळेल. बेलापूरच्या रायगड भवनातल्या बाल विकास योजनेच्या आयुक्तालयाने आणि पालिकेच्या शिक्षण खात्याने एकदा एकत्र बसून एका वॉर्डापासून सुरुवात केली तरी चालेल, गोवंडी-मानखुर्दचा एम पूर्व घ्या, गरज तिथे सगळ्यात जास्त आहे.

आणि तुमच्या पेपराकडून एक अपेक्षा. मुंबईत मुख्य सेविकांची मंजूर पदं किती आणि भरलेली किती हा आकडा तुमच्या वार्ताहराने प्रकल्पवार मागून छापावा. ते कळल्याशिवाय कुणी किती अंगणवाड्यांना भेट द्यायची याचा हिशोबच मांडता येणार नाही.

आपली,
एक बालशिक्षण प्रशिक्षक, चेंबूर