सेल, सेफ्टी पिना आणि तांब्याची तार: श्री. अरविंद गुप्ता यांना आभारपत्र

आदरणीय अरविंद गुप्ता सर,

सादर नमस्कार.

मी मराठवाड्यातील एका माध्यमिक शाळेत नववी-दहावीच्या वर्गांना विज्ञान शिकवते. आपण आणि आपल्या सहकाऱ्यांनी साध्या वस्तूंतून विज्ञानाची खेळणी कशी करायची हे दाखवणाऱ्या, संकेतस्थळावर सर्वांसाठी खुल्या ठेवलेल्या चित्रफिती आणि पुस्तके यांच्या आधारावर आमच्याकडे भौतिकशास्त्राचे तास गेली काही वर्षे चालले आहेत, आणि त्याबद्दल आपले आभार मानावेत म्हणून हे पत्र लिहीत आहे. ते जाहीरपणे लिहीत आहे, कारण ज्या शाळांत प्रयोगशाळा म्हणजे कुलूप लावलेले एक कपाट असते, अशा शाळांतील माझ्या सहशिक्षकांनीही ते वाचावे, अशी माझी इच्छा आहे.

दहावीच्या पुस्तकातील ‘विद्युतधारेचे परिणाम’ हा पाठ मुलांना अवघड जातो. विद्युत चलित्राची, म्हणजे मोटारीची आकृती, तिच्यातील दोन अर्धवर्तुळाकार कड्या, त्यांना टेकलेले कार्बनचे ब्रश आणि फ्लेमिंगचा डाव्या हाताचा नियम हे सारे मुले पाठ करतात, परीक्षेत बरोबर लिहितात, आणि तरीही कडी दुभंगलेलीच का असावी लागते, असे विचारले की वर्ग शांत होतो. आपण दाखवलेल्या मोटारीला लागते काय, तर एक मोठा सेल, दोन सेफ्टी पिना, सायकलच्या ट्यूबमधून कापलेली रबराची पट्टी, जुन्या स्पीकरमधला चुंबक आणि रोगणाचा, म्हणजे वीज अडवणाऱ्या लेपाचा थर असलेली तांब्याची तार. ही तार आम्हाला तालुक्याच्या गावी मोटार रिवायंडिंगच्या दुकानात मिळते. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी तिथे पुन्हा भरल्या जातात, आणि उरलेले तुकडे दुकानदार मुलांना आनंदाने देतात. ज्या मोटारीवर घरची शेती भिजते, तिच्या पोटातलीच ही तार आहे, हे मुलांना वेगळे सांगावे लागत नाही.

तारेचे वेटोळे करून तिची दोन टोके बाहेर काढायची, एका टोकावरचे रोगण पूर्ण खरवडायचे आणि दुसऱ्या टोकावरचे अर्ध्याच बाजूने खरवडायचे. रबराच्या पट्टीने सेलच्या दोन टोकांना बसवलेल्या पिनांच्या छिद्रांत ही टोके टेकवायची आणि वेटोळ्याखाली सेलवर चुंबक ठेवायचा. सगळे मर्म या अर्ध्या खरवडण्यात आहे. दोन्ही टोके पूर्ण खरवडली तर वेटोळ्यात प्रवाह सतत वाहतो, अर्ध्या फेऱ्यानंतर त्याच्यावरचे बल उलट दिशेने काम करू लागते आणि वेटोळे बहुतेक वेळा नुसते मागेपुढे डोलत राहते. एका टोकाची अर्धी बाजू झाकलेली ठेवली की, उलटे बल लागण्याच्या वेळी प्रवाहच तुटतो, वेटोळे जडत्वाने पुढे जाते आणि पुन्हा तांबे पिनेला टेकते. दुभंगलेल्या कड्या तर याच्याही पुढे जाऊन दर अर्ध्या फेऱ्याला वेटोळ्यातील प्रवाहाची दिशाच पालटतात, त्यामुळे फेऱ्याचा दुसरा अर्धा भागही कामी येतो. झाकलेल्या टोकाचे काम डोळ्यांनी पाहिल्यावर पुस्तकातील आकृतीकडे वळलेली मुले ती आकृती स्वतः समजावून सांगू लागतात.

त्यानंतरचे प्रश्न मी विचारत नाही, ते मुलेच विचारतात. चुंबक उलटा ठेवला तर काय होईल, असे एका मुलीने विचारले आणि उत्तराची वाट न पाहता तो उलटा ठेवला. वेटोळे विरुद्ध दिशेने फिरू लागले. मग सेलची टोके बदलून पाहिली गेली, तेव्हाही दिशा बदलली. आणि मग दोन्ही एकदम बदलले तर, असा प्रश्न मागच्या बाकावरून आला. दिशा पहिलीच राहिली. फ्लेमिंगच्या नियमात क्षेत्र, प्रवाह आणि बल यांचे जे नाते सांगितले आहे, ते त्या तासाला मुलांनी स्वतः तपासून घेतले. खेळ लांबला की सेल गरम होतो, तेव्हा मी त्याला हात लावून पाहायला सांगते आणि लगेच जोडणी सोडवायला लावते, कारण त्याच पाठाचा पहिला भाग विद्युतधारेच्या औष्णिक परिणामाचा आहे.

बाकीच्या खेळण्यांविषयी थोडक्यातच लिहिते. स्ट्रॉचे टोक चपटे करून तिरके कापले की पिपाणी होते, आणि ती वाजवता वाजवता दुसऱ्या टोकाकडून कात्रीने तुकडे कापत गेले की स्वर चढत जातो. हवेचा स्तंभ आखूड झाला की वारंवारता वाढते, हे वाक्य मला त्यानंतर फळ्यावर लिहावेसेच वाटत नाही. आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी यांचा चौकोन हाताने दाबला की कलतो आणि त्रिकोण कलत नाही. हे पाहिल्यावर मुलांनी गावातल्या मोबाइलच्या मनोऱ्यात किती त्रिकोण दिसतात ते आपणहून मोजायला घेतले.

आपला प्रवास आम्हा शिक्षकांना ठाऊक आहे. आयआयटी कानपूरमधून विद्युत अभियांत्रिकीची पदवी घेऊन आपण पुण्याला टेल्कोत (आजच्या टाटा मोटर्समध्ये) काम केले आणि 1978 मध्ये रजा काढून मध्य प्रदेशातील होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेलात. खेड्यातील शाळेत जे साहित्य बाजारात सहज मिळते त्यातूनच प्रयोग झाला पाहिजे, ही दृष्टी आपल्या प्रत्येक खेळण्यात दिसते, आणि पुढे पुण्यात आयुका या खगोलशास्त्र संशोधन संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिका या मुलांसाठीच्या विज्ञान केंद्रात आपण सहकाऱ्यांसह जे काम केले, त्यातही ती टिकून राहिली. 2018 मध्ये आपल्याला पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा आमच्या शाळेत ती बातमी परिपाठात वाचली गेली होती.

माझ्या मते आपल्या कामातील सर्वांत मोलाची गोष्ट मात्र वेगळी आहे. आपण काहीही अडवून ठेवले नाही. नावनोंदणी, शुल्क, परवानगी यांपैकी काहीही आड न येता शिक्षकाला चित्रफीत उतरवून घेता येते, पेन ड्राइव्हवरून दुसऱ्या शाळेला देता येते, आणि जिथे नेटवर्क धड मिळत नाही तिथेही मोबाइलच्या पडद्यावर मुलांना दाखवता येते. चित्रफिती एक-दोन मिनिटांच्याच असतात आणि त्यांत मुख्यतः काम करणारे हात दिसतात. महागड्या उपकरणांच्या झगमगाटात मूल प्रेक्षक होऊन बसते, तसे इथे होत नाही. चित्रफीत संपली की मुलांचे हात आपोआप साहित्याकडे जातात. केंद्राच्या शिक्षण परिषदेत मी ही मोटार इतर शिक्षकांकडून करवून घेतली, तेव्हा मोठ्या माणसांचेही तसेच झाले.

या चित्रफितींना मराठीत आवाज देणाऱ्या आणि पुस्तके मराठीत आणून ती सर्वांसाठी उपलब्ध करणाऱ्या मंडळींचे आभार मला स्वतंत्रपणे मानायचे आहेत. त्यांच्यापैकी बहुतेकांची नावे आमच्यापर्यंत पोचलेली नाहीत, तरी आमच्या मुलांना भौतिकशास्त्र घरच्या भाषेत ऐकायला मिळते ते त्यांच्या श्रमांमुळेच. हे आभार आपण त्यांच्यापर्यंत पोचवावेत, ही विनंती. यंदाच्या दहावीच्या मुलांना आता त्याच तारेचे वेटोळे करून त्यातून चुंबक हलवायचा आहे आणि एलईडी लागतो का ते पाहायचे आहे. तार आणून ठेवली आहे.

आपली नम्र,
एक विज्ञान शिक्षिका